फर्ग्युसनमधली अँटिगनी : एका नाट्यवाचनाचा आणि त्यानंतरच्या चर्चेचा प्रकरण अभ्यास

९ ऑगस्ट २०१४ रोजी दुपारी बाराच्या सुमारास, अमेरिकेतील मिसुरी राज्यात सेंट लुईस शहराच्या परिघावर असलेल्या फर्ग्युसन या सुमारे २१ हजार वस्तीच्या गावात, डॅरेन विल्सन या गोऱ्या पोलीस अधिकाऱ्याच्या गोळीबारात मायकेल ब्राउन हा १८ वर्षांचा कृष्णवर्णीय तरुण मारला गेला. त्याचा मृतदेह कॅनफील्ड ड्राइव्ह या वस्तीतल्या रस्त्यावर सुमारे चार तास पडून राहिला. या विलंबाला सांगण्यासारखी कारणे पोलिसांकडे होती. तपास गावाच्या पोलिसांकडून काढून परगण्याच्या पोलिसांकडे द्यायचा होता, जागेची पाहणी व्हायची होती आणि जमाव वाढत चालला होता. मात्र रस्त्याच्या कडेला उभे राहून शेजारपाजारच्या माणसांनी ते चार तास पाहिले आणि पुढे जी निदर्शने उसळली, त्यांत मृत्यूइतकाच हा ताटकळलेला मृतदेहही संतापाचा विषय होता. २४ नोव्हेंबर २०१४ रोजी ग्रँड ज्युरीने (खटला भरायचा की नाही हे ठरवणाऱ्या नागरिकांच्या मंडळाने) विल्सनवर आरोप ठेवायचा नाही असा निर्णय दिल्याचे जाहीर झाले आणि गाव पुन्हा पेटले.

या घटनेनंतर दोन वर्षांनी, सप्टेंबर २०१६ मध्ये, ब्राउन ज्या नॉर्मंडी हायस्कूलमध्ये शिकला त्याच शाळेत प्राचीन ग्रीक नाटककार सोफोक्लीसच्या ‘अँटिगनी’चे जाहीर वाचन झाले. ‘थिएटर ऑफ वॉर प्रॉडक्शन्स’ या संस्थेचा हा प्रकल्प ‘अँटिगनी इन फर्ग्युसन’ या नावाने ओळखला जातो. संहितेचे इंग्रजी भाषांतर आणि दिग्दर्शन ब्रायन डोरीज यांचे, तर कोरसच्या (नाटकातल्या समूहाच्या) पदांना चाली लावल्या त्या सेंट लुईसचे संगीतकार फिल वुडमोर यांनी, आणि त्याही कृष्णवर्णीय चर्चमधल्या गॉस्पेल गायनाच्या वळणाच्या. सॅमिरा वायली यांनी अँटिगनी वाचली, तर रेज ई. कॅथी यांनी क्रेऑन. नट नावाजलेले असले, तरी गायकवृंदात सेंट लुईस भागातलीच माणसे होती. त्यांत शिक्षक होते, कार्यकर्ते होते आणि पोलीसही होते. वाचन संपल्यावर कार्यक्रम संपला नाही, त्याचा दुसरा भाग तिथून सुरू झाला : आधी स्थानिक माणसांचे एक छोटे मंडळ बोलले आणि मग सभागृह.

पूर्वग्रहाविषयी समाजात बोलणे घडवून आणण्याचे जे अनेक प्रयत्न होतात, त्यांत या प्रयोगाचे स्थान वेगळे आहे असे मला वाटते. त्याची कीर्ती मुख्यतः नटांच्या नावांमुळे आणि गाण्यांमुळे झाली, पण त्याचे खरे बळ बैठकीच्या रचनेत आहे. आणि त्याची खरी मर्यादाही त्याच रचनेत, किंबहुना शोकांतिका या नाट्यप्रकारातच आहे. नीतीचा प्रश्न एका माणसाच्या निर्णयात उभा राहतो तेव्हा हे नाटक तो विलक्षण धारदार करते, परंतु पूर्वग्रह जेव्हा माणसाच्या मनातून उतरून कार्यालयाच्या दप्तरात जाऊन बसतो, तेव्हा नाटकाचा हात तिथपर्यंत पोहोचत नाही. या लेखात या दोन्ही बाजू तपासायच्या आहेत.

नाटकाची निवड

इसवीसनपूर्व ४४१ च्या आसपास अथेन्समध्ये सादर झालेल्या या नाटकाचे कथानक थोडक्यात असे. थीब्जच्या गादीसाठी इटिओक्लीस आणि पॉलिनायसीस हे भाऊ लढतात आणि एकमेकांच्या हातून मरतात. सत्तेवर आलेला त्यांचा मामा क्रेऑन फर्मान काढतो की शहराचे रक्षण करणाऱ्या इटिओक्लीसला सन्मानाने पुरावे आणि शहरावर चाल करून आलेल्या पॉलिनायसीसचे प्रेत उघड्यावर टाकावे. कुत्र्यागिधाडांनी ते खावे, आणि जो त्यावर माती टाकील त्याला देहांत शिक्षा व्हावी. बहीण अँटिगनी माती टाकते, पकडली जाते आणि आपण केले ते लपवीत नाही. क्रेऑन तिला गुहेत चिणून टाकतो. तिच्याशी लग्न ठरलेला त्याचाच मुलगा हेमॉन त्याला समजावून पाहतो, आंधळा द्रष्टा टायरेसिअस बजावतो, आणि अखेर क्रेऑनचे मन बदलते तोवर अँटिगनीने गळफास घेतलेला असतो. हेमॉन आत्महत्या करतो, त्यामागोमाग त्याची आई युरिडिसीही.

रस्त्यावर पडून राहिलेले प्रेत आणि त्यावरचा राजसत्तेचा अधिकार हे साम्य उघड आहे. या उघडपणाचीच मला आधी भीती वाटली होती, कारण अशी सरळ जुळणी झाली की नाटक रूपक बनते, प्रेक्षक प्रत्येक पात्रावर आपल्या गावातल्या एकेकाचे नाव लिहून मोकळा होतो आणि मग चर्चेला काही उरत नाही. ‘अँटिगनी’च्या बाबतीत तसे होत नाही, कारण जुळवायला बसले की जुळणी फिसकटते. पॉलिनायसीस सैन्य घेऊन आपल्याच शहरावर चालून आलेला होता. ब्राउनच्या हातात शस्त्र नव्हते. क्रेऑनने प्रेत मुद्दाम उघडे ठेवले. फर्ग्युसनमधला विलंब फर्मानाने झालेला नव्हता. अथेन्सच्या कायद्यातही देशद्रोह्याला अ‍ॅटिकाच्या, म्हणजे अथेन्सच्या राज्याच्या, भूमीत पुरण्याची मनाई होती, त्यामुळे पहिल्या प्रेक्षकांना क्रेऑनचे फर्मान निव्वळ राक्षसी वाटले असेल असे समजण्याचे कारण नाही. त्याने ओलांडली ती सीमा नेमकी कुठे होती, याविषयी त्या प्रेक्षागृहातही मतभेद असणार. जर्मन तत्त्वज्ञ हेगेलपासून अनेकांनी या नाटकात दोन न्याय्य बाजूंची टक्कर पाहिली ती यामुळेच. गावातल्या चर्चेसाठी असले न जुळणारे साम्यच अधिक उपयोगी पडते, कारण ‘हे आपल्यासारखे आहे’ असे एकाने म्हटले की ‘नाही, इथे वेगळे आहे’ असे दुसऱ्याला म्हणता येते, आणि तसे म्हणताना त्याला मेलेल्या मुलाविषयी थेट काही बोलावे लागत नाही.

शिवाय नाटककार स्वतः सत्तेबाहेरचा माणूस नव्हता. सेमॉस बेटावरच्या मोहिमेच्या काळात तो अथेन्सच्या निर्वाचित सेनापतींपैकी एक होता. हुकूम देणे म्हणजे काय आणि दिलेला हुकूम मागे घेणे का जड जाते, हे त्याला बाहेरून कल्पावे लागले नसावे. क्रेऑनला त्याने बुद्धी, कर्तव्यभावना आणि सुरुवातीचे एक बऱ्यापैकी पटणारे भाषणही दिले आहे. पोलीस खात्यातली माणसे श्रोत्यांत आणि गायकवृंदात असताना ही गोष्ट महत्त्वाची ठरते. ज्या नाटकात सत्ताधारी पहिल्या वाक्यापासून दुष्ट असतो, ते नाटक ऐकायला पोलीस एकदा येतील, पण बोलायला उभे राहणार नाहीत.

बैठकीची रचना कुठून आली

ही पद्धत फर्ग्युसनसाठी तयार झालेली नव्हती. २००८ मध्ये सॅन डिएगो येथे डोरीज यांनी सुमारे ४०० मरीन सैनिक आणि त्यांच्या जोडीदारांसमोर सोफोक्लीसच्या ‘एजॅक्स’ आणि ‘फिलॉक्टेटीस’ या नाटकांतील प्रवेशांचे वाचन घडवले. वाचनानंतर पाऊण तास चर्चा ठरली होती. ती तीन तासांहून अधिक चालली. पहिल्यांदा बोलली ती एका सैनिकाची पत्नी. आपला नवराही चार वेळा लढाईवर गेला आणि दर वेळी नाटकातल्या एजॅक्स या योद्ध्यासारखा न दिसणारी प्रेते ओढत घरी परतला, असे तिने सांगितले आणि घराचा कत्तलखाना झाल्याचे नाटकातलेच वाक्य उद्धृत केले. त्या एका बोलण्यातून पुढच्या सगळ्या प्रयोगांची दिशा ठरली असे म्हणता येईल. तिने मानसोपचाराची परिभाषा वापरली नाही आणि नवऱ्यावर आरोपही केला नाही. जे वाक्य नुकतेच सर्वांनी ऐकले होते ते उचलून तिने आपल्या घरावर ठेवले.

पुढे अमेरिकेच्या संरक्षण खात्याने अशा वाचनांना मोठ्या प्रमाणावर अर्थसाह्य दिले आणि लष्करी तळांवर ती होऊ लागली. त्यानंतर हीच पद्धत तुरुंग, व्यसनमुक्ती, मृत्युशय्येवरील रुग्णांची सेवा अशा क्षेत्रांत नेली गेली. रचना सर्वत्र जवळपास तीच राहिली : नट टेबलामागे बसून हातात संहिता घेऊन, पण पूर्ण जोर लावून वाचतात, नेपथ्य नाही, वेशभूषा नाही. वाचन संपताच नट बाजूला होतात आणि त्यांच्या जागी त्या समाजातली काही माणसे येऊन बसतात. त्यांना भाषण करायचे नसते; ऐकताना मनात काय उमटले एवढेच सांगायचे असते. मग ध्वनिक्षेपक सभागृहात फिरतो. सूत्रसंचालकाचा आवडता प्रश्न साधारणतः असा असतो, की सोफोक्लीसने हे नाटक आपल्या शहरातल्या लोकांसाठी का लिहिले असेल, त्याला काय साधायचे असेल.

हा प्रश्न साधा दिसतो, पण पूर्वग्रहाच्या चर्चेत तो मोलाचा आहे. ‘तुम्हाला वर्णभेदाविषयी काय वाटते?’ असे विचारले की माणूस सावध होतो, आपण चांगले आहोत हे सिद्ध करायला लागतो किंवा हात बांधून गप्प बसतो. सोफोक्लीसविषयी विचारले की त्याला अडीच हजार वर्षांपूर्वीच्या माणसाच्या हेतूविषयी तर्क करायचा असतो, आणि तर्क करताना तो नकळत स्वतःचे काहीतरी उघड करून जातो. उत्तर चुकण्याची भीती राहत नाही, कारण बरोबर उत्तर कोणाजवळच नाही, सूत्रसंचालकाजवळही नाही.

आपल्याकडे महाराष्ट्रात अभिवाचनाची परंपरा चांगली रुजलेली आहे. वाचनालये, गणेशोत्सव मंडळे, महाविद्यालयांतील वाङ्मय मंडळे यांच्या कार्यक्रमांत नाट्यवाचने होत असतात. मात्र वाचनानंतर बहुधा अध्यक्षीय समारोप होतो, एखाद्या समीक्षकाचे भाष्य होते, वेळ उरलाच तर दोन-तीन प्रश्न घेतले जातात आणि आभारप्रदर्शन होते. फर्ग्युसनमधली रचना या क्रमाच्या अगदी उलट आहे. तिथे जाणकाराला बोलावलेलेच नाही. नाटकावर अधिकाराने बोलू शकणारा एकमेव माणूस म्हणजे भाषांतरकार, आणि तो प्रश्न विचारून थांबतो. आमच्याकडच्या आयोजकांना हे पचायला जड जाईल, कारण मंचावर विद्वान नसला की कार्यक्रम अपुरा वाटण्याची आपल्याला सवय आहे.

कोरस

सोफोक्लीसच्या नाटकात कोरस थीब्जमधल्या वयोवृद्ध नागरिकांचा आहे. ते क्रेऑनचे ऐकतात, हळूहळू कुरकुरतात, हेमॉन बोलला की त्याचेही खरे म्हणतात आणि क्रेऑन बोलला की त्याचेही. प्रेताला माती देणे हे देवाचेच काम तर नसेल, अशी शंका ते एकदा भीत भीत मांडतात आणि झापले जातात. नगरातली प्रतिष्ठित, सुज्ञ आणि वेळेवर न बोलणारी ही माणसे आहेत. त्यांची जागा फर्ग्युसनच्या प्रयोगात गावातल्या जिवंत माणसांना देणे, आणि त्यांत पोलिसांना शिक्षकांच्या आणि कार्यकर्त्यांच्या शेजारी उभे करणे, ही या प्रयोगातली सर्वांत चतुर निवड होय. त्यामुळे ‘न बोलणारे सुज्ञ नागरिक’ ही भूमिका कोणा एका गटाच्या गळ्यात पडत नाही. शिवाय एकत्र गाण्यासाठी तालमी कराव्या लागतात. जाहीर चर्चेच्या किती तरी आधी ही माणसे एकमेकांच्या शेजारी उभी राहून श्वास आणि सूर जुळवीत होती. चर्चेची खरी पूर्वतयारी तालमीच्या खोलीत झाली असणार, सभागृहात नव्हे.

गॉस्पेल संगीताविषयी मात्र माझे मत पूर्णपणे अनुकूल नाही. गॉस्पेल धीर देते, उठवून उभे करते. शोकांतिकेचे काम धीर देण्याचे नाही. जिथे प्रेक्षकांनी अस्वस्थ राहायला हवे, तिथे गाणे त्यांना सोडवून नेते, असा आक्षेप घेता येतो आणि तो मी घेतो. दुसऱ्या बाजूने हेही मान्य करावे लागते, की अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय समाजात मृताला निरोप देण्याची रीत चर्चमधल्या या गाण्यांपासून वेगळी काढता येत नाही. ज्या नाटकाचा विषयच अंत्यसंस्काराचा हक्क हा आहे, त्यात ते गाणे सजावट म्हणून आलेले नसून प्रत्यक्ष संस्कार म्हणून आलेले आहे. हा युक्तिवाद मला पटतो, तरी गाण्यानंतर लगेच चर्चा सुरू करताना सूत्रसंचालकाने थोडी शांतता राखली पाहिजे असे वाटत राहते.

पहारेकऱ्याचा प्रवेश

चर्चेच्या दृष्टीने नाटकातला सर्वांत फलदायी प्रवेश अँटिगनी आणि क्रेऑन यांचा नाही. तो पहारेकऱ्याचा आहे. प्रेतावर कोणी तरी माती टाकल्याची बातमी राजाला सांगायची कोणी, यावर पहारेकऱ्यांत वाद होतो. चिठ्ठ्या टाकल्या जातात आणि ज्याच्या नावाची चिठ्ठी निघते तो वाटेत दहा वेळा थांबत, स्वतःशी हुज्जत घालत येऊन उभा राहतो. क्रेऑन ऐकून घेण्याआधीच ठरवून टाकतो की पहारेकऱ्यांनी पैसे खाल्ले आहेत, आणि गुन्हेगार सापडला नाही तर तुम्हालाच लटकवीन अशी धमकी देतो. दुसऱ्यांदा तो येतो तो अँटिगनीला पकडून. त्या वेळी तो जे बोलतो ते नीतिशास्त्राच्या कोणत्याही वर्गात तासभर पुरेल : स्वतः सुटलो याचा आनंद होतो, आपल्याच माणसाला संकटात ढकलल्याचे वाईटही वाटते, पण आपला जीव वाचणे यापुढे मला बाकी सगळे कमी महत्त्वाचे आहे.

हुकूम देणारा आणि हुकूम मोडणारी या दोघांविषयी बोलणे सोपे असते, कारण आपण दोघांपैकी कोणीच नसतो. आपल्यापैकी बहुतेक जण पहारेकरी असतो. गस्तीवरचा शिपाई, नोटीस बजावणारा कारकून, हजेरी न लागलेल्या मुलाचे नाव वर कळवणारा शिक्षक हे सगळे त्या प्रवेशात आहेत. त्याच्या मनात अँटिगनीविषयी द्वेष नाही, उलट थोडी सहानुभूतीच आहे, आणि तरीही तिला मृत्यूपर्यंत नेण्याचे काम त्याच्याच हातून होते. पूर्वग्रहाविषयीच्या चर्चा सहसा ‘मनात द्वेष आहे की नाही’ या प्रश्नाभोवती घुटमळतात आणि ज्याच्या मनात द्वेष नाही तो स्वतःला निर्दोष समजून बाजूला होतो. पहारेकरी ही पळवाट बंद करतो.

क्रेऑनच्या पूर्वग्रहाचा स्वभावही इथेच उघड होतो. बाईकडून हार पत्करायची नाही हे तो उघडपणे बोलतो, पण त्याहून खोल असा त्याचा एक समज आहे : जो कोणी माझ्याविरुद्ध जातो तो विकला गेलेला असतो. पहारेकऱ्याने पैसे खाल्ले, टायरेसिअसने पैसे खाल्ले. हेमॉनवर पैशाचा आरोप करता येत नाही, म्हणून तो बाईचा गुलाम. विरोध करणाऱ्याला प्रामाणिक कारण असू शकते, ही शक्यताच त्याच्या विचारात शिरत नाही. हेमॉन त्याला सांगतो की लोक अंधारात या मुलीसाठी हळहळत आहेत, तुझ्या चेहऱ्याच्या धाकाने ते तुझ्यासमोर बोलत नाहीत, आणि जे एका माणसाच्या मालकीचे असते ते शहर नव्हे. निदर्शकांना बाहेरून भाड्याने आणले आहे, ही भाषा कोणत्याही देशातल्या वाचकाला अपरिचित नाही. त्यामुळे या प्रवेशावर चर्चा सुरू झाली तर ती एका गावापुरती राहत नाही.

जिथे नाटक अपुरे पडते

४ मार्च २०१५ रोजी अमेरिकेच्या न्याय विभागाने फर्ग्युसनसंबंधी दोन अहवाल प्रसिद्ध केले, आणि ते शेजारी ठेवून वाचल्याशिवाय या प्रकरणाचा विचार पुरा होत नाही. पहिल्या अहवालाने विल्सनवर संघराज्याच्या नागरी हक्क कायद्याखाली खटला भरण्याइतका पुरावा नाही असे म्हटले. ब्राउन हात वर करून शरण आला होता असे सांगणाऱ्या साक्षी विश्वासार्ह ठरत नाहीत असाही त्याचा निष्कर्ष होता. दुसरा अहवाल गावाच्या पोलीस खात्यावर आणि नगर न्यायालयावर होता, आणि तो भयंकर होता. गावात कृष्णवर्णीयांचे प्रमाण ६७ टक्के. पण २०१२ ते २०१४ या काळात थांबवलेल्या वाहनांच्या चालकांत ते ८५ टक्के, दंडाच्या नोटिसा मिळालेल्यांत ९० टक्के आणि अटक झालेल्यांत ९३ टक्के होते. कृष्णवर्णीय चालकांची झडती गोऱ्या चालकांच्या दुपटीहून अधिक शक्यतेने घेतली जात होती, आणि तरीही त्यांच्याकडे बेकायदा वस्तू सापडण्याचे प्रमाण गोऱ्यांपेक्षा २६ टक्क्यांनी कमी होते. रस्त्यावर ‘चालण्याच्या पद्धती’बद्दल लावले जाणारे एक कलम होते, त्याखालच्या आरोपांपैकी ९५ टक्के कृष्णवर्णीयांवर होते. विल्सन आणि ब्राउन यांची गाठ पडली ती ब्राउन आणि त्याचा मित्र रस्त्याच्या मधून चालत होते म्हणून. ५४ पोलीस अधिकाऱ्यांपैकी कृष्णवर्णीय होते केवळ ४.

या आकड्यांच्या मागे पैसा होता. गावाच्या वित्त अधिकाऱ्याने २०१० मध्ये पोलीसप्रमुखांना लिहिले होते की वर्षअखेरपर्यंत दंडाच्या नोटिसा लक्षणीय वाढल्या नाहीत तर पुढच्या वर्षीची वसुली वाढवणे कठीण जाईल. २०१३ या एका वर्षात नगर न्यायालयाने ९ हजारांहून अधिक वॉरंट काढली, त्यांतली बरीचशी किरकोळ बाबींसाठी. २००७ मध्ये गाडी चुकीच्या जागी उभी केलेल्या एका बाईला १५१ डॉलर आणि वर शुल्क असा दंड झाला. तारखा चुकत गेल्या, दंडावर दंड चढत गेला, तिला दोनदा अटक झाली, तिने सहा दिवस कोठडीत काढले, ५५० डॉलर भरले, आणि २०१४ च्या अखेरीस तिच्या नावावर अजून ५४१ डॉलर येणे निघत होते.

आता क्रेऑनकडे परत पाहू. तो सगळीकडे पैशाचा वास घेत हिंडतो, आणि थीब्जमध्ये पैसा कुठेच नसतो. फर्ग्युसनमध्ये पैसा होता आणि तो राजवाड्याच्याच हिशेबात होता. नाटकात फर्मान एका माणसाच्या तोंडून निघते, त्यामुळे त्या माणसाचे मन बदलले की फर्मान मागे घेता येते. उशीर होतो एवढेच. दंडाच्या वसुलीचे उद्दिष्ट कोणाच्याच तोंडून फर्मान म्हणून निघत नाही. वित्त अधिकारी फक्त वसुलीची चिंता कळवतो, पोलीसप्रमुख फक्त गस्त वाढवतो, न्यायालय फक्त तारखा देते. यांपैकी कोणालाही क्रेऑनच्या जागी उभे करता येत नाही, आणि क्रेऑन सापडत नाही म्हणून शोकांतिकाही घडत नाही. घडते ती रोजची कारवाई. शोकांतिका ऐकून बाहेर पडणारा श्रोता हट्टी माणसाविषयी, उशिरा आलेल्या शहाणपणाविषयी, न बोललेल्या शब्दांविषयी विचार करील. १५१ डॉलरचे १०९१ कसे झाले हा विचार त्याला नाटकातून सुचणार नाही.

म्हणून कोणी असे म्हणेल की न्याय विभागाचा अहवालच वाचून दाखवायचा होता. ते मला मान्य नाही. अहवालाने माणसे माहितगार होतात, पण एका खोलीत बसून एकमेकांचे ऐकत नाहीत. उलट दोन अहवालांपैकी प्रत्येक गट आपल्या सोयीचा एकेक उचलून निघून गेला, हे त्या वेळी सर्वांनी पाहिले. पोलिसांची बाजू घेणाऱ्यांनी पहिला अहवाल पुढे केला, निदर्शकांच्या बाजूच्यांनी दुसरा. दोन्ही अहवाल एकाच वेळी खरे असू शकतात, म्हणजे त्या दुपारच्या गोळीबारात दंडनीय गुन्हा सिद्ध न होणे आणि त्या गावाची पोलीस व्यवस्था अन्यायी असणे या दोन गोष्टी एकत्र नांदू शकतात, हे डोक्यात धरून ठेवायला जी मनाची तयारी लागते ती मात्र ‘अँटिगनी’सारखे नाटक घडवू शकते; कारण तिथेही एकाच्या बरोबर असण्याने दुसरा आपोआप चूक ठरत नाही. माझ्या मते योग्य क्रम असा झाला असता : पहिल्या बैठकीत नाटक, आणि त्याच श्रोत्यांच्या दुसऱ्या बैठकीत अहवालातली निवडक पाने. एका रात्रीत दोन्ही साधणार नाही.

पुढचा प्रवास आणि एक शंका

नॉर्मंडीनंतर हा प्रयोग इतरत्र गेला. २०१८ च्या शरद ऋतूत न्यूयॉर्कच्या हार्लेम स्टेज येथे तो काही आठवडे चालला, पुढच्या वर्षी ब्रुकलिनमधल्या एका चर्चमध्ये झाला. प्रवेश विनामूल्य होता. नट बदलत राहिले, सेंट लुईसचा गायकवृंद मात्र प्रवास करीत राहिला. ९ ऑगस्ट २०२० रोजी, साथीमुळे सभागृहे बंद असताना, तो दूरस्थ पद्धतीने सादर झाला. त्याच्या दहा दिवस आधी, ३० जुलैला, सेंट लुईस परगण्याचे नवे कृष्णवर्णीय सरकारी वकील वेस्ली बेल यांनी प्रकरणाचा फेरविचार करून विल्सनवर आरोप ठेवता येणार नाहीत असे जाहीर केले होते.

गाव सोडून प्रयोग फिरू लागला की त्याचा स्वभाव बदलतो, हे नाकारण्यात अर्थ नाही. हार्लेममध्ये बोलणारा माणूस फर्ग्युसनविषयी बोलत नसतो. तो आपल्या शहरातल्या पोलिसांविषयी बोलत असतो, आणि सेंट लुईसचा गायक त्याला साक्षीदार म्हणून समोर उभा असतो. आपले दुःख पुन्हा पुन्हा गाऊन दाखवण्याचा भार त्या गायकांवर पडतो. हा भार त्यांनी स्वखुशीने घेतला असेल, पण आयोजकाने त्याचा हिशेब ठेवलाच पाहिजे.

महाराष्ट्रात कोणी असे वाचन करायचे ठरवले तर ‘अँटिगनी’ परकी वाटणार नाही. ज्या समाजात गावोगावी जातवार स्मशाने आहेत, तिथे मातीवरचा आणि मृतावरचा हक्क कोणाचा, हा प्रश्न ग्रीसमधून आणावा लागत नाही. अडचण दुसरीकडे येईल, आणि ती फर्ग्युसनमध्येही होतीच. मंडळात बोलायला बसवलेला पोलीस, तलाठी किंवा शिक्षक जेव्हा पहारेकऱ्याचे ते वाक्य उचलून आपल्या नोकरीवर ठेवील, तेव्हा त्याचा वरिष्ठ सभागृहात बसलेला असू शकतो, कोणी तरी हातातल्या फोनवर चित्रीकरण करीत असू शकते, आणि दुसऱ्या दिवशी त्याला कामावर जायचे असते. सूत्रसंचालकाचा सौम्य स्वर आणि अडीच हजार वर्षांचे अंतर त्याला बोलते करतील, पण बोलल्यानंतर त्याचे रक्षण करणारे या रचनेत काहीच नाही. चित्रीकरणाला मनाई, मंडळातल्या माणसांशी आधी सविस्तर बोलणे, वरिष्ठांना आणि कनिष्ठांना वेगवेगळ्या दिवशी बोलावणे असे काही उपाय सुचतात. त्यांतला शेवटचा उपाय केला तर क्रेऑन आणि पहारेकरी एकाच खोलीत येत नाहीत, आणि ते यावेत म्हणून तर हा सगळा खटाटोप आहे. हा पेच अजून सुटलेला नाही, आणि वाचनाची तारीख ठरवण्याआधी आयोजकांनी त्यावरच सर्वाधिक वेळ घालवावा असे मला वाटते.